गरोदरपणातील श्रोणीवेदना: जोखमीचे घटक कोणते आणि त्यांचा अर्थ काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या खेपेचा सव्विसावा आठवडा सुरू आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून पुढच्या बाजूला, दोन्ही जांघांच्या मधोमध असलेल्या हाडावर आणि मागे उजव्या कुल्ल्यात कळ येते. रात्री कूस बदलताना, जिना चढताना आणि एका पायावर तोल सांभाळत कपडे घालताना ती सहन होत नाही. पहिल्या खेपेतही शेवटच्या दोन महिन्यांत असेच, पण सौम्य दुखले होते. त्याच्या काही वर्षे आधी जिन्यावरून घसरून तुम्ही माकडहाडावर आपटला होतात. काम दिवसभर उभे राहण्याचे आहे. ‘हार्मोनमुळे सांधे सैल होतात, सगळ्यांचेच दुखते’ असे सांगितले गेल्यामुळे तुम्ही इतके दिवस गप्प राहिलात, आणि आता विचारता आहात की हे मलाच का झाले, माझे काही चुकले का, बाळाला धोका आहे का आणि सिझेरियन करावे लागेल का.

आधी उत्तरे देतो, कारणे नंतर. तुमचे काहीही चुकलेले नाही. या वेदनेने बाळाला इजा होत नाही. केवळ या वेदनेसाठी सिझेरियन करण्याची वेळ सहसा येत नाही. मात्र ‘सगळ्यांचेच दुखते’ हे विधान खरे नाही, आणि त्याने तुमचे तीन आठवडे वाया गेले याचे मला वाईट वाटते. गरोदरपणातील श्रोणीवेदना, म्हणजे डॉक्टर जिला पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात ती, साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला होते. पाचांपैकी एक म्हणजे तक्रार सर्रास आढळणारी आहे. पण उरलेल्या चौघींना ती होत नाही, तेव्हा ती गरोदरपणाचा अटळ भाग मानून सोसत राहण्याचे कारण नाही. तिची तपासणी ठरलेली आहे आणि तिच्यावर उपचारही आहेत.

वेदना नेमकी कुठे आहे, यावर पुढचे बरेच काही ठरते. श्रोणी हे हाडांचे एक कडे आहे. दोन्ही बाजूंची मोठी हाडे मागे त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडाला, सॅक्रोइलिअक सांध्यांनी जोडलेली असतात आणि पुढे, जांघांच्या मधोमध, जघनसंधीत एकमेकांना मिळतात. धडाचे वजन पायांकडे आणि पायांचा रेटा धडाकडे या तीन सांध्यांतूनच जातो. युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने 2008 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या दुखण्याची जागा ठरवून दिली आहे: मागच्या बाजूला कंबरेच्या हाडाच्या कडेपासून कुल्ल्याच्या खालच्या घडीपर्यंत, विशेषतः सॅक्रोइलिअक सांध्यांच्या आसपास, सोबत किंवा स्वतंत्रपणे पुढे जघनसंधीत, आणि कधी मांडीच्या मागच्या भागात उतरणारे. या वेदनेबरोबर उभे राहण्याची, चालण्याची आणि बसण्याची क्षमता कमी होते. त्याहून वर, मणक्यांच्या रांगेत असलेले दुखणे म्हणजे कंबरदुखी. दोन्ही एकत्र असू शकतात, पण त्यांची हाताळणी वेगळी असते आणि ‘कंबर दुखते’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबली गेली की चुकीचे व्यायाम पदरी पडतात. म्हणून तपासणीला जाल तेव्हा नुसते ‘कंबर’ म्हणू नका; बोट ठेवून जागा दाखवा.

तपासणीतली एक चाचणी सविस्तर सांगतो, कारण तीत या आजाराचे मर्म दिसते. रुग्ण पाठीवर झोपते, पाय सरळ, पावलांत सुमारे 20 सेंटिमीटर अंतर. गुडघा न वाकवता एक पाय टेबलापासून 20 सेंटिमीटर उचलायला सांगतो, मग दुसरा, आणि प्रत्येक वेळी किती जड गेले ते ती 0 ते 5 या मापात सांगते. श्रोणीवेदना असलेल्या स्त्रीला पाय अक्षरशः शिशाचा वाटतो. चेहरा आवळतो, श्वास रोखला जातो, पोट एका बाजूला फिरते आणि काही वेळा टाच टेबल सोडतच नाही. मग मी माझे दोन्ही हात तिच्या श्रोणीच्या दोन बाजूंना लावून हलकेच आत दाबतो आणि म्हणतो, आता उचला. तोच पाय पुष्कळदा सहज वर येतो. मांडीच्या स्नायूत त्या दोन सेकंदांत नवी ताकद आलेली नसते. कड्याला बाहेरून आधार मिळाला एवढेच घडलेले असते. भार एका बाजूकडून दुसरीकडे नेण्याच्या कामात अडचण आहे, हे यावरून कळते. याखेरीज खुबा काटकोनात वाकवून मांडीच्या रेषेत खाली दाब देणे, जघनसंधी हलक्या हाताने चाचपून हात काढल्यावरही दुखणे पाच सेकंदांहून अधिक टिकते का ते पाहणे, अशा काही चाचण्या असतात. त्या सगळ्यांचा मेळ घालून निदान होते. एक्स-रेची गरज नसते. जघनसंधीतील अंतर एरवी साधारण 4 ते 5 मिलिमीटर असते, गरोदरपणात ते आणखी 2 ते 3 मिलिमीटर वाढते आणि 10 मिलिमीटरच्या पुढे गेले तर तो वेगळा, दुर्मीळ प्रश्न असतो. पण त्या मर्यादेच्या आत अंतर किती आणि वेदना किती यांचे गणित जुळत नाही. कमी अंतर असलेली स्त्री कुबडीवर येते आणि जास्त अंतर असलेली चालत निघून जाते, असे घडते.

आता ‘हार्मोनमुळे सांधे सैल होतात’ या स्पष्टीकरणाकडे येऊ. त्यात तथ्याचा अंश आहे, पण ते पुरेसे नाही, आणि ते अर्धवट सांगितल्यामुळे नुकसान होते. रिलॅक्सिन या हार्मोनची ओळख 1926 मध्ये फ्रेडरिक हिसॉ यांच्या गिनिपिगवरील प्रयोगांतून झाली. त्या प्राण्यात श्रोणीचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे बांधणारे पट्टे, खरोखरच मोठ्या प्रमाणात सैलावतात. माणसात मात्र रिलॅक्सिनची रक्तातली पातळी पहिल्या तिमाहीतच कळसाला पोहोचते आणि मग उतरते, तर श्रोणीवेदना बहुधा दुसऱ्या तिमाहीत डोके वर काढते आणि तिसऱ्या तिमाहीत बळावते. ज्यांचे रिलॅक्सिन जास्त त्यांना वेदना जास्त, असेही अभ्यासांत सातत्याने दिसलेले नाही. आणि हार्मोन तर प्रत्येक गरोदर स्त्रीत वाढतात. मग पाचांपैकी एकीलाच का दुखते, याचे उत्तर त्यात मिळत नाही. याहून मोठी अडचण ही, की ‘माझे सांधे सैल झाले आहेत, सुटे होतील’ ही भीती मनात बसली की स्त्री हालचालच सोडते. स्नायूंचा उपयोग थांबतो, कड्याला आतून मिळणारा आधार आणखी कमी होतो आणि वेदना वाढते. सैलपणा थोडाफार सगळ्यांत येतो. ज्यांचे स्नायू तो सांभाळून घेतात त्यांचे निभावते. सांभाळून घेणे कोणाला जड जाते, हा खरा जोखमीच्या घटकांचा प्रश्न आहे.

जोखमीचा घटक म्हणजे कारण नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. एखादा घटक असलेल्या स्त्रियांत दुखणे अधिक आढळते, एवढाच त्याचा अर्थ. घटक असूनही अनेकींना काही होत नाही आणि एकही घटक नसताना काहींना होते.

सर्वांत भक्कम पुरावा दोन गोष्टींबाबत आहे आणि दुर्दैवाने दोन्ही तुमच्या इतिहासात आहेत. पहिली म्हणजे पूर्वी झालेली कंबरदुखी किंवा आधीच्या गरोदरपणातील श्रोणीवेदना. दुसरी म्हणजे श्रोणीला पूर्वी झालेली इजा. तुम्ही माकडहाडावर आपटलात तेव्हा हाड मोडले नसेल, काही आठवड्यांत दुखणेही थांबले असेल. परंतु अशा मारानंतर स्नायू ज्या पद्धतीने काम करू लागतात ती पद्धत पुष्कळदा तशीच राहते. एका बाजूवर कमी भार देणे, श्वास रोखून उठणे, कुल्ल्याचा स्नायू उशिरा आवळणे, या लकबी एरवी कोणाच्या लक्षात येत नाहीत. गरोदरपणात वजन पुढे सरकते, पोटाचे स्नायू ताणले जातात, आणि शरीराची ती जुनी तडजोड पुरी पडत नाही. वेदनेच्या बाबतीत मज्जासंस्थेलाही आठवण असते. एकदा दुखलेल्या जागेचा इशारा पुढच्या वेळी कमी भाराला वाजतो. तुमची पहिली खेप शेवटच्या दोन महिन्यांत दुखली आणि ही सव्विसाव्या आठवड्याच्या आतच सुरू झाली, हा क्रम मी वारंवार पाहिला आहे.

त्यानंतरचे काही घटक असे आहेत, की ज्यांचा संबंध दिसतो पण पुरावा कमीअधिक आहे. एकाहून अधिक बाळंतपणे हा त्यांपैकी एक. तो खरोखर बाळंतपणांच्या संख्येचा परिणाम आहे की घरात लहान मूल असताना पुन्हा गरोदर राहिल्याने उचलाउचल वाढते आणि विश्रांती घटते याचा, हे सुटे करणे कठीण आहे. शारीरिक कष्टाचे काम हा दुसरा: वारंवार वाकणे, वळणे, ओझे उचलणे, तासन् तास एका जागी उभे राहणे. वजन अधिक असणे काही मोठ्या अभ्यासांत जोखमीचे दिसले आणि काहींत नाही. ज्यांचे सांधे मुळातच अतिलवचिक आहेत, अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटे वळते, अशा स्त्रियांत ही तक्रार अधिक दिसते असे काही अभ्यास सांगतात आणि माझा अनुभवही त्याला दुजोरा देतो.

मनावरचा ताण आणि उदासी यांचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करतो, कारण तो नेहमी चुकीच्या पद्धतीने केला जातो. गरोदरपणात मानसिक ताण जास्त असलेल्या स्त्रियांत श्रोणीवेदना अधिक आढळते आणि बाळंतपणानंतरही ती रेंगाळते, असे दिसून आले आहे. याचा अर्थ वेदना मनाची आहे असा कोणी काढला तर तो सपशेल चूक आहे. झोप मोडणे, भीती आणि एकटेपणा यांनी मज्जासंस्थेची वेदना दाबण्याची यंत्रणा ढिली पडते. आणि उलट बाजूने, रात्री चार वेळा कूस बदलताना जागी होणारी स्त्री खचणारच. दोन्ही दिशांनी चालणारे हे चक्र आहे. घरच्यांनी ‘तू फार मनाला लावून घेतेस’ म्हणणे, हे त्या चक्राला आणखी एक ढकल देणे असते.

जे घटक नाहीत तेही सांगितले पाहिजेत, कारण अपराधीपणा बहुधा तिथूनच येतो. पूर्वी घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, दोन गरोदरपणांमधील अंतर आणि उंची यांचा या दुखण्याशी संबंध आढळलेला नाही. वयाचाही बहुधा नाही. तुम्ही सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशी विश्रांती घेतली नाही म्हणून हे झाले, असे कोणी सांगत असेल तर त्यालाही आधार नाही.

पुढच्या गोष्टींपैकी काही असेल तर मात्र हे श्रोणीदुखी समजून घरी थांबू नका: ताप, लघवीला जळजळ, योनीमार्गे रक्तस्राव किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या कळा, बाळाची हालचाल कमी वाटणे, एका पायाच्या पोटरीला सूज व दुखणे, पायातली ताकद कमी होत जाणे, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे. यांपैकी कशासाठीही त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जांघेत खोल दुखून पायावर भारच देता येत नसेल तर खुब्याच्या हाडाची तपासणी करावी लागते, कारण गरोदरपणात तेथील हाड तात्पुरते ठिसूळ होण्याचा एक दुर्मीळ प्रकार आहे.

तुमचा इतिहास आता बदलता येणार नाही, पण रोजचा भार आणि तो पेलण्याची पद्धत बदलता येते, आणि माझा सगळा भर तिथे आहे. सुरुवात अंथरुणापासून करा. कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे वाकवा, त्यांच्यामध्ये एक उशी घट्ट धरा, श्वास सोडत पोट हलके आत घ्या आणि खांदे, कंबर व गुडघे एकाच वेळी, ओंडका गडगडावा तसे वळवा. आधी खांदा आणि मग मागून पाय ओढत आणणे, हीच ती पिळवट आहे जिच्यामुळे तुम्ही जाग्या होता. उठताना कुशीवर या, दोन्ही पाय एकत्र खाली सोडा आणि हाताने रेटून बसा. गाडीत बसतानाही तसेच: आधी सीटवर टेका, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय आत घ्या. कपडे बसून घाला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एका वेळी एकच पायरी. मांडी घालून, उकिडवे किंवा एका कुल्ल्यावर भार देऊन बसणे सध्या टाळा. मुलाला काखेत घेऊ नका. तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. यांतली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण दिवसातून चाळीस वेळा होणारी पिळवट दहा वेळा झाली की आठवड्याभरात फरक कळतो.

कामाच्या ठिकाणी एक उंच स्टूल मागून घ्या आणि उभे राहणे व बसणे आळीपाळीने करा. सलग उभे राहण्याचा अवधी वेदना सुरू होण्याआधीच तोडायचा असतो. कळ आल्यावर बसण्याचा फायदा निम्मासुद्धा होत नाही. यासाठी डॉक्टरांचे पत्र लागले तर निःसंकोच मागा.

व्यायाम स्त्रीरोगविषयक अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊनच सुरू करावेत. पोटाचे खोल स्नायू, कुल्ल्याचे स्नायू आणि पाठ यांना थोड्या भाराने, वेदनेच्या आत राहून काम देणे हे त्यांचे सूत्र असते. एक सूचना आवर्जून देतो: सगळ्यांना सरसकट ओटीपोटाचे स्नायू आवळायला सांगू नये. या वेदनेत काहींचे ते स्नायू आधीच ताठ आणि दमलेले असतात, आणि त्यांना सैल सोडायला शिकवणे हा उपचाराचा पहिला भाग असतो. पाण्यातील व्यायामात शरीराचे वजन हलके होते, म्हणून ते पुष्कळांना मानवतात. फक्त बेडकासारखे पाय फाकवून मारण्याचा पोहण्याचा प्रकार टाळावा. श्रोणीचा पट्टा चालताना किंवा काम करताना थोडा वेळ बांधायचा असतो, दिवसभर नाही. काहींना तो कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडांच्या लगेच खाली बरा वाटतो, काहींना त्याहून खाली. दोन्ही जागी बांधून, पाय उचलून पाहा आणि जिथे पाय हलका होईल ती तुमची जागा. ॲक्युपंक्चरने काहींना आराम पडतो आणि प्रशिक्षित हातांत ते या काळात वापरता येते. औषधांत पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने, लागेल तेवढेच. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून मुळीच घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये तशी स्पष्ट सूचना दिली आहे. चोळण्याच्या काही मलमांतही हीच औषधे असतात, तेव्हा वेष्टन डॉक्टरांना दाखवून मगच वापरा.

बाळंतपणाविषयी. नैसर्गिक प्रसूतीने श्रोणी कायमची बिघडेल या भीतीने काही जणी सिझेरियन मागतात. नॉर्वेतील माता आणि बालकांच्या मोठ्या पाहणीत मात्र, आधीपासून ठरवून सिझेरियन झालेल्या स्त्रियांत सहा महिन्यांनी ही वेदना टिकून राहण्याचे प्रमाण कमी नव्हे, जास्तच दिसले. तेव्हा या एका कारणासाठी शस्त्रक्रिया निवडणे योग्य नाही. दुसरे वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही करायचे ते असे: छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पाठीवर किंवा कुशीवर झोपून, न दुखता गुडघे एकमेकांपासून किती दूर नेता येतात ते टेपने मोजून घ्या आणि तो आकडा तुमच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा. प्रसूतीच्या वेळी शक्यतो त्याहून जास्त पाय फाकवू नयेत, एका बाजूला एक अशा दोन माणसांच्या कमरेवर पाय टेकवून ढकलायला लावू नये, आणि कुशीवर किंवा हातापायांवर ओणवे अशा स्थितींना प्राधान्य द्यावे, हे आधीच बोलून ठेवा. पाठीतून भूल दिली असेल तर हा आकडा अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण त्या वेळी वेदना तुम्हाला थांबवायला नसते.

बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे तीन महिन्यांच्या आत ओसरते. ज्यांचे तिन्ही सांधे दुखत असतात त्यांना वेळ जास्त लागतो, आणि तुमचे सध्या दोन दुखत आहेत, म्हणून सहा आठवड्यांच्या तपासणीला हा विषय तुम्ही स्वतःच काढा. तिथे सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते आणि तो राहून जातो. स्तनपानामुळे सांधे सैल राहतात म्हणून ते लवकर बंद करावे, असा सल्ला कोणी दिला तर मानू नका. स्तनपान करणाऱ्या मातांची वेदना त्यामुळे जास्त टिकते असे आढळलेले नाही. बारा आठवड्यांनंतरही पाय उचलताना तो जड वाटत असेल तर नेमके व्यायाम पुन्हा सुरू करायचे, आणि ते पंधरा दिवसांत सोडून न देता चारपाच महिने चालवायचे. तिसऱ्या खेपेचा विचार कधी केलात, तर आधी माझ्याकडे किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे येऊन ती पाय उचलण्याची चाचणी करून घ्या. दोन्ही पाय आधाराशिवाय हलके वर येईपर्यंत थांबणे शक्य असेल तर थांबा.